सपाट शहराची फोर बाय फोर मीमांसा

नवी मुंबईतील मध्यमवर्गाची आर्थिक पायरी ओळखण्यासाठी सदनिकेचा कार्पेट एरिया आणि मुलांच्या शाळेचे बोर्ड ही दोन साधने दीर्घकाळ पुरेशी मानली जात. २०२० नंतर त्यांत महिंद्रा थारच्या व्हेरियंटची भर पडली असून हे तिसरे साधन पहिल्या दोहोंपेक्षा अधिक विश्वसनीय ठरले आहे, कारण कार्पेट एरिया घरात गेल्याशिवाय कळत नाही, तर व्हेरियंट सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसालाही वाचता येतो. व्हेरियंट म्हणजे एकाच गाडीच्या सांगाड्यावर इंजिन, चाके, आसने, स्क्रीन आणि छत यांत फेरफार करून कंपनीने रचलेली उतरंड. तिच्या तळाला ‘बेस’ आणि शिखराला ‘टॉप’ म्हणतात, आणि मधल्या पायऱ्या ग्राहकाला बेस नाकारून टॉपकडे जाताना दम खाण्यासाठी ठेवलेल्या असतात.

या विषयाला नवी मुंबईत जे विशेष महत्त्व आले आहे, त्याचे मूळ भूगोलात शोधावे लागते. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठची शेते, मिठागरे आणि भराव यांवर हे शहर वसवले, त्याचे नोड आणि नोडांचे सेक्टर पाडले, आणि रस्ते असे आखले की वाशीहून बेलापूरकडे पाम बीच मार्गाने निघालेल्या वाहनाला वाटेत चढ भेटलाच, तर तो पुलाचा भेटावा. डोंगर नाहीत असे नाही. परंतु पारसिकच्या टेकडीवर बंगले आहेत, आणि खारघरच्या पांडवकड्याकडे पावसाळ्यात, म्हणजे चिखल उपलब्ध असण्याच्या एकमेव ऋतूत, प्रवेशबंदी असते. अशा नगरात २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स असलेली, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंत वीतभर अंतर राखणारी आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून चालू शकणारी गाडी का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. पाण्याचा गुण अतिवृष्टीच्या दुपारी कामी येऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र तुंबलेल्या रस्त्यावर पुढची हॅचबॅक बंद पडलेली असल्याने थारलाही तिच्यामागे, पूर्ण क्षमतेनिशी, उभे राहावे लागते.

२ ऑक्टोबर २०२० रोजी दुसऱ्या पिढीची थार बाजारात आली, तेव्हा कंपनीने तिच्या दोन मालिका केल्या होत्या: एएक्स ही साहसासाठी आणि एलएक्स ही जीवनशैलीसाठी. साहस आणि जीवनशैली या एकमेकींपासून वेगळ्या वस्तू आहेत, अशी इतकी स्वच्छ कबुली भारतीय उद्योगाने क्वचितच दिली असेल. सर्वांत स्वस्त एएक्सला, जिची शोरूम किंमत ९ लाख ८० हजार रुपये होती, लोखंडी चाके, कापडी छत आणि मागे समोरासमोरची बाके होती, आणि ती लवकरच यादीतून गळाली. वास्तविक महाराष्ट्राला अशी बाके अपरिचित नव्हती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू करणाऱ्या याच कंपनीच्या जीपगाड्यांनी सातारा-सांगलीकडे वडाप म्हणून, म्हणजे भरली की सुटणारी खासगी प्रवासी गाडी म्हणून, वर्षानुवर्षे चाकरी केली, आणि तेथे व्हेरियंट निवडण्याचा निकष एकच होता, तो म्हणजे मागे लोंबकळणाऱ्यांना धरायला काय आहे. एलएक्सच्या ग्राहकाला १८ इंची अलॉय चाके मिळाली आणि एक टचस्क्रीन मिळाला, ज्यावर गाडी किती अंशांत कलली आहे हे दिसते. पाम बीच मार्गावर हा आकडा शून्याच्या आसपास राहतो आणि चालक तो अधूनमधून पाहून घेतो.

तथापि या शास्त्राचा गाभा स्क्रीनमध्ये नसून गिअरच्या दांड्याशेजारी असलेल्या दुसऱ्या, आखूड दांड्यात आहे. हा दांडा ट्रान्सफर केसचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या आसांत वाटणाऱ्या पेटीचा असून, त्याच्या टू-एच या स्थितीत फक्त मागची चाके ओढतात, फोर-एचमध्ये चारही ओढतात, आणि फोर-एलमध्ये वेग घटवून ओढ दुपटीहून अधिक वाढवली जाते. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते, पण ही पेटी दोन्ही आसांना एकाच गतीने फिरायला लावते. चिखलात किंवा वाळूत चाके किंचित घसरून हा फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही आणि सारा ताण यंत्रणेत साचत जातो, म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-एच लावू नये असा नियम आहे. याचा तार्किक अर्थ असा, की महापालिकेने आपले काम चोख केले तर नवी मुंबईत हा दांडा वापरणे निषिद्ध ठरते आणि तिने ते केले नाही, तरच तो सार्थकी लागतो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढू शकणारी गाडी, घेणारा नागरिक मालमत्ता कर भरताना नेमकी कोणती अपेक्षा बाळगतो, हा विषय राज्यशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यायला हरकत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने केवळ मागच्या चाकांवर चालणारी थार आणली आणि प्रश्नाला नैतिक परिमाण लाभले. तिच्यात आखूड दांड्याच्या जागी एक छोटा कप्पा आहे. त्यात मोबाइल, चिल्लर आणि सोसायटीच्या गेटचे कार्ड राहते, म्हणजे तो दांड्यापेक्षा दररोज अधिक वापरला जातो. तरीही कप्पेवाल्याला दांडेवाल्यासमोर किंचित ओशाळे वाटते. शासनाने मात्र कप्प्याचीच बाजू घेतली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ज्या डिझेल मोटारीची लांबी ४ मीटरच्या आणि इंजिन १५०० घनसेंटिमीटरच्या आत आहे, तिच्यावर १८ टक्के आणि त्यापलीकडच्या मोटारीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो. थार ३९८५ मिलिमीटर लांब असल्याने पहिल्या विषयात दोघीही काठावर उत्तीर्ण होतात, दुसऱ्यात १४९७ घनसेंटिमीटरची कप्पेवाली उत्तीर्ण होते आणि २.२ लिटरची दांडेवाली नापास. ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकात एलएक्सटी या वरच्या डिझेल श्रेणीसाठी कप्प्याचे १२ लाख १९ हजार आणि दांड्याचे १५ लाख ४९ हजार मागितले गेले. या ३ लाख ३० हजारांत मोठे इंजिन आणि वाढीव करही आहे, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. त्याच दरपत्रकात साहसाच्या मालिकेची वारसदार असलेली एएक्सटी फक्त मागच्या चाकांवर मिळते आणि चार चाकांची ओढ जीवनशैलीच्या मालिकेला राखून ठेवली आहे, हेही नोंदवले पाहिजे. त्यावर भाष्याची गरज नाही.

घरातील ज्येष्ठ जेव्हा ‘हा दुसरा दांडा कशाला?’ असे विचारतात, तेव्हा नवी मुंबईत सर्वमान्य असलेले उत्तर ‘लडाख’ हे आहे. लडाखला जाण्यासाठी लागणारी रजा ऐरोली किंवा महापे येथील त्याच कार्यालयाने द्यायची असते, ज्याच्या पगारातून गाडीचा हप्ता जातो, त्यामुळे हे उत्तर कर्जाच्या मुदतीइतके टिकते.

१५ ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सने उतरंड अधिक शास्त्रशुद्ध केली. एमएक्स-१, एमएक्स-३, एएक्स-३ एल, एमएक्स-५, एएक्स-५ एल आणि एएक्स-७ एल अशा तिच्या सहा श्रेणी पाठ करण्यासाठी संस्कृतच्या रूपावल्यांचा सराव उपयोगी पडतो. फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आणि तेही एमएक्स-५ पासून पुढे मिळते; म्हणजे ज्याला खरोखर चिखलात जायचे आहे, त्याला सनरूफही घ्यावेच लागते. नोंदणी खुली झाली तेव्हा पहिल्या तासात १,७६,२१८ गाड्यांची मागणी नोंदवली गेली, आणि या जनसमुदायाला प्रथम जी आसने दाखवली गेली होती ती पांढरी होती. खडकाळ वाटेसाठी बांधलेल्या वाहनात पांढरी बैठक असणे हा विरोधाभास वाटेल, पण ते ग्राहकाच्या वर्तनाविषयीचे अचूक निरीक्षणही असू शकते. टीका झाल्यावर मोका ब्राउन, म्हणजे कॉफीसारखा तपकिरी, रंग देण्यात आला, आणि तो फोर बाय फोर श्रेणींना देण्यात आला. चिखल पगारदारांपैकी कोणाच्या वाट्याला येऊ शकतो, याचा निर्णय अशा रीतीने रंगपेटीनेच केला.

थारची प्रतिस्पर्धी असलेल्या मारुतीच्या जिम्नीचा येथे ओझरता उल्लेख पुरे. जून २०२३ मध्ये ती झेटा आणि अल्फा अशा दोनच श्रेणींत आली आणि दोन्हींना फोर बाय फोर सारखेच दिले गेले, त्यामुळे शेजाऱ्याकडे नसलेले काही मिळवण्याची सोयच राहिली नाही. वर्ष सरण्यापूर्वी तिच्यावर घसघशीत सूट जाहीर झाली.

श्रेणी ठरल्यानंतरचे खरे अडथळे सोसायटीच्या आवारात सुरू होतात. १९२३ मिलिमीटर उंचीच्या रॉक्सला दुमजली यांत्रिक पार्किंगच्या खालच्या खणात शिरण्यापूर्वी तेथील उंचीचा फलक वाचावा लागतो, आणि बेसमेंटच्या रॅम्पवर, जो या शहरातील सर्वांत तीव्र चढ आहे, कप्पेवालीही दांडेवालीइतक्याच सहजपणे चढते. तरीही उरणाऱ्या ओशाळेपणावर उपाय म्हणून कप्पेवाल्यांपैकी काहींनी ‘४×४’ असा बिल्ला बाजारातून आणून मागच्या बाजूला चिकटवला आहे. पुढे लोखंडी बुलबार बसवण्यास डिसेंबर २०१७ पासून मनाई आहे, पण बिल्ल्याने कोणाच्या डोक्याला इजा होत नसल्याने त्याविरुद्ध अद्याप नियम झालेला नाही.

या सर्व विवेचनाची कसोटी जुन्या गाड्यांच्या बाजारात लागते. एमएच-४३ या वाशीच्या नोंदणीची थार विकायला निघते, तेव्हा मालक ‘फोर बाय फोर, टॉप मॉडेल’ असे आधी सांगतो, कारण त्यामुळे किंमत वाढते, आणि लगेच ‘एकदाही ऑफ-रोड नेलेली नाही’ असे पुढे जोडतो, कारण त्यामुळे ती आणखी वाढते. खरेदीदार वाकून गाडीचे पोट तपासतो, तेथे चिखलाचा मागमूस नाही अशी खात्री करून घेतो, आखूड दांडा मागेपुढे करून पाहतो, तो पहिल्या दिवसासारखाच घट्ट असल्याबद्दल समाधान व्यक्त करतो आणि विसार देतो.