अडीच लाखांची मजा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याला मोटार घ्यायची आहे. अटी दोनच: चालवताना मजा आली पाहिजे आणि रोज कॉलेजला नेता आली पाहिजे. बजेट अडीच लाख. हे अडीच लाख कसे उभे राहिले हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. त्यात वडिलांचे दीड लाख आहेत, आजीची मोडलेली एफडी आहे आणि भाच्याचा इंटर्नशिपचा स्टायपेंड आहे. स्टायपेंड त्याने केव्हाच उडवलेला असल्यामुळे तेवढे पैसे सध्या आईच्या खात्यातून आलेले आहेत. पैसे घरातल्यांचे, त्यामुळे मतंही घरातल्यांची. काकांनी एक रुपयाही दिलेला नाही; त्यांचं मत सर्वांत ठाम आहे.

निवड समितीची पहिली बैठक रविवारी जेवणानंतर झाली. मामा या नात्याने मला निरीक्षक म्हणून बोलावण्यात आलं होतं. वडिलांनी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" आपल्याकडे हा प्रश्न आधी जन्माला आला आणि मोटार नंतर आली असावी. आजीला चढता-उतरताना गुडघ्याला त्रास नको होता. काकांना रिसेल हवा होता. जी गाडी अजून घेतलेली नाही, ती विकताना किती येतील याची चिंता हा त्यांचा पिंडच आहे. शेवटी आईने विचारलं, "एअरबॅग असते का रे त्यात?" यावर सगळे क्षणभर गप्प झाले आणि पुन्हा ॲव्हरेजकडे वळले.

त्या बैठकीतला एकमेव शहाणा प्रश्न तो होता. चालकासमोरची एअरबॅग आणि ब्रेकचं एबीएस आपल्याकडे सक्तीचं झालं ते 2019 साली. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅगच्या जागी कंपनीचं बोधचिन्ह असायचं, आणि अपघातात ते नेमकं छातीवर उमटायचं. पण एअरबॅग पार्किंगमध्ये दिसत नाही. सनरूफ दिसतं.

भाच्याने आणलेली यादी मी वाचली. पोलो जीटी, फियाट पालिओ 1.6, पुंटो, फोर्ड फिएस्टा 1.6 एस, शेवरले बीट. चव चांगली आहे पोराची. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आलेली नव्हती: यातली एकही गाडी आता बनत नाही. पोलो 2022 साली थांबली. फोर्डने 2021 साली भारतातलं मोटारउत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. शेवरलेने इथली विक्री 2017 सालीच आवरली. फियाट तर कधी गेली हे फियाटवाल्यांखेरीज कोणाला कळलंही नाही. त्यातही गंमत म्हणजे पोलो आमच्या चाकणची, पुंटो रांजणगावची आणि बीट तळेगावची. पुणे जिल्ह्याने महाराष्ट्राला साहित्यिक किती दिले याचा हिशोब लोक ठेवतात; अनाथ गाड्या किती दिल्या याचाही एकदा ठेवायला हवा.

"मामा, म्हणूनच तर स्वस्तात मिळतायत!" भाचा म्हणाला. बरोबर आहे. पण पोलो जीटी टीएसआयमध्ये 105 अश्वशक्तीबरोबर सात गिअरचा डीएसजी नावाचा एक आपोआप बदलणारा पेटाराही येतो. त्यातलं मेकॅट्रॉनिक बिघडून बदलायची वेळ आली, तर बिल लाखाच्या घरात जातं. म्हणजे अडीच लाखांच्या बजेटमधले दीड लाख गाडीसाठी आणि एक लाख गिअरसाठी राखून ठेवावे लागतील. पालिओ 1.6 ही खरोखर मजेची गाडी होती. तिची जाहिरात सचिन तेंडुलकर करायचा, शंभर अश्वशक्तीचं इंजिन होतं, आणि तिच्या स्टिअरिंगबद्दल जुने लोक अजून डोळे मिटून बोलतात. पण इंजिन 1,596 सीसीचं. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा 2022 पासूनचा दर 1,000 सीसीपर्यंत 2,094 रुपये आहे, 1,500 पर्यंत 3,416 आणि त्याच्या वर थेट 7,897. शंभर सीसीच्या हौसेपोटी साडेचार हजार जास्त. शिवाय आज मिळणारी पालिओ विशीतली असणार आणि वीस वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नव्याने करायचं सरकारी शुल्क आता 10,000 रुपये आहे. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. भाच्यापेक्षा वयाने मोठी गाडी घरात आणायची, तर तिचा मान ठेवावाच लागतो.

फियाटचं नाव निघताच काका उसळले. "फियाट? पार्ट मिळत नाहीत, मेस्त्री हात लावत नाही. त्यापेक्षा माझ्यासारखी स्विफ्ट डिझेल घे!" काकांच्या दारात 2012 ची स्विफ्ट डिझेल उभी आहे. तिच्या बॉनेटखालचं 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन मूळचं फियाटचंच. मारुतीने ते परवान्यावर बनवलं, टाटांनी वापरलं, खुद्द फियाटने वापरलं. इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणू लागले. बीएस-6 चे नियम आले आणि 2020 साली ते संपलं. हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मारुतीने सुधारून घेतलं असणार." ज्या इंजिनाला रांजणगावच्या पुंटोत कोणी विचारलं नाही, त्याच इंजिनासाठी स्विफ्टच्या दालनात लोक महिनोन्‌महिने रांगेत होते.

मग मी माझा उमेदवार पुढे केला. इंजिन मागे, जोर मागच्या चाकांना, वजन सुमारे सहाशे किलो. पोर्शे 911 ची मांडणी हीच. भाच्याचे डोळे चमकले. "कोणती गाडी, मामा?" मी म्हटलं, "नॅनो."

घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली. खरं तर मी चेष्टा अर्धीच करत होतो. 624 सीसी, दोन सिलिंडर, उभी करायला सदाशिव पेठेतही जागा मिळते, आजी गुडघे न वाकवता बसते आणि विमा सर्वांत खालच्या दराचा. कागदावर दोन्ही अटी पुऱ्या होतात. पण 2009 साली आलेल्या त्या गाडीने एक गुन्हा केला होता: ती लाखाची असल्याचं तिने सर्वांना सांगितलं. स्वस्त गाडी आपल्याला हवी असते, पण ती स्वस्त असल्याचं शेजाऱ्यांना कळलेलं नको असतं. भाच्याने स्पष्टच सांगितलं, "मामा, नॅनोतून कॉलेजात गेलो तर प्लेसमेंटपर्यंत चिडवतील." तेव्हा माझ्या लक्षात आलं की याची मजा स्टिअरिंगवर बसणाऱ्याची नाहीच, ती कॅन्टीनच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांची आहे. आणि घरच्यांचा उपयुक्तपणा सोसायटीच्या गेटवर उभ्या असणाऱ्यांसाठी आहे. गाडी चालवणार कोण, हा मुद्दा दोन्ही बाजूंच्या अजेंड्यावर नव्हता.

पुढचे काही आठवडे जाहिराती वाचण्यात गेले. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींची मराठी हा एक सोज्ज्वळ वाङ्मयप्रकार आहे. त्यात प्रत्येक गाडी 'डॉक्टर वापर' असते. महाराष्ट्रात डॉक्टर कमी आहेत अशी ओरड ऐकू येते ती खोटी असावी. निदान गाड्या विकणारे डॉक्टर भरपूर आहेत. हे डॉक्टर व्हिजिटला बहुधा पायी जातात, कारण बारा वर्षांच्या गाडीचं रनिंग 38 हजार किलोमीटर लिहिलेलं असतं. म्हणजे दिवसाला नऊ किलोमीटरही नाही. 'किरकोळ टचअप' म्हणजे डावी बाजू नवीन. 'इंजिन सील पॅक' म्हणजे उघडायची वेळ आली आहे, पण आम्ही उघडलेलं नाही. 'अर्जंट विकणे' हे मात्र खरं असतं.

या वाङ्मयाची समीक्षा करायला पदवी लागत नाही. मीटरवर 38 हजार आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, तर दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे, आणि रबराला खोटं बोलता येत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. डॉक्टरसाहेब इतकं कमी फिरत होते तर टायरचे दोन संच कुठे झिजवले, हे प्रेमाने विचारावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडच्या किती गाड्या पाण्यात होत्या हे सर्वांनी पाहिलं. धुऊन-पुसून निघालेल्या गाडीतही बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्टीवर गाळाची रेघ राहते. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडावं. भसाभस धूर आला, तर आपणही झाकण लावून चहा पिऊन घरी यावं.

भाच्याला दिल्ली पासिंगची एक गाडी फार आवडली होती. भाव जवळजवळ निम्मा. दिल्लीत दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालवण्यावर निर्बंध आले, त्याचे कज्जे न्यायालयात चालू राहिले आणि दरम्यान तिथल्या गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे निघाल्या. पण तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र आणायचं, इथे महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा आणि मग एमएच-12 ची पाटी मिळवायची. यात वाचलेल्या पैशांचा बराचसा भाग जातो, आणि उरलेला एजंटाकडे.

पाटीवरून आठवलं. एप्रिल 2019 पूर्वीच्या प्रत्येक गाडीला आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. मोटारीला 745 रुपये अधिक जीएसटी. तिला मुदतवाढ इतक्या वेळा मिळाली की पहिली मुदत कोणती होती हे विचारल्यास स्पर्धा परीक्षेतला प्रश्न होईल. पेट्रोलचं म्हणाल तर त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं. 2010 च्या आसपासच्या गाडीचे रबरी पाइप या मिश्रणासाठी बनलेले नव्हते, आणि ॲव्हरेजही थोडं पडतं. वडिलांनी यावर नाराजी व्यक्त केली. काकांचं शिरोळकडे उसाचं शेत आहे. त्यांना यात काहीच गैर वाटलं नाही.

आता मजेचं. पुण्यात 105 अश्वशक्तीचं करायचं काय? विद्यापीठ चौकात सगळे अश्व दुसऱ्या गिअरमध्ये उभे असतात. हिंजवडीच्या वाटेवर तर टर्बोचं अस्तित्व केवळ श्रद्धेचा विषय आहे. द्रुतगती मार्गावर जावं तर एका फेरीचा टोल 320 रुपये, म्हणजे विद्यार्थ्याच्या मेसची निदान चार जेवणं. वेगाची मर्यादा ओलांडली की कॅमेरा घरी चलन पाठवतो, आणि ते वडिलांच्या मोबाइलवर येतं. उरतो तो पहाटेचा दिवेघाट किंवा ताम्हिणी. तिथे पन्नास-साठच्या वेगात वळणामागून वळण घेताना जी मजा येते, तिला दोन गोष्टी लागतात: हलकी गाडी आणि हाताने बदलायचा गिअर. हलक्या गाडीला इंजिन शेवटपर्यंत पिळता येतं आणि तरी माणूस कायद्यात राहतो. जड आणि जोरदार गाडीत मजा सुरू होईपर्यंत घाट संपतो.

म्हणून माझा निर्णय मी निवड समितीला लेखी दिला. 2011 ते 2014 मधली पेट्रोल स्विफ्ट, 1.2 लिटर के-सिरीज इंजिनाची, आणि मॉडेल झेडएक्सआयच, कारण त्यात दोन एअरबॅग आणि एबीएस होतं. टनापेक्षा कमी वजन, नेमका गिअर, आणि क्लचप्लेट बार्शीतही मिळते. विमा मधल्या दराचा. आईचा मुद्दा राहतो, काकांचा रिसेल राहतो आणि आजीची तक्रार आहे ती कुठल्याही गाडीत असणारच. भाच्याने नाक मुरडलं. "ती तर सगळ्यांकडे असते," म्हणाला. सगळ्यांकडे आहे म्हणूनच तिचा आरसा तीन हजारांऐवजी तीनशेला मिळतो, हे चौथ्या सेमिस्टरच्या अर्थशास्त्रात शिकवत नाहीत. अडीच लाखांतले चाळीस-पन्नास हजार हातात ठेवूनच सौदा करायचा, कारण पहिल्या वर्षात टायर, बॅटरी आणि सस्पेन्शन हे तिघे हजेरी लावतातच.

तुमच्याही घरात असा एखादा उमेदवार असेल, तर टोकन देण्याआधी गाडीच्या नंबरवर थकलेली ई-चलनं तपासा, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते आरसीवर पाहा आणि फॉर्म 29 व 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका. भाव करताना काकांना न्या, तेवढ्यापुरते ते खरोखर उपयोगी पडतात. आणि गाडी घरी आली की सायलेन्सर मूळचाच राहू द्या. तो बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, आणि आमच्या सोसायटीत रात्री साडेदहाला लोक झोपतात.