गुरुजींचा मोगरा, आपांचा कढीपत्ता

जालन्याच्या माणसाला बाहेरगावी कोणी विचारलं, की तुमच्याकडं काय पिकतं हो, तर तो ऐटीत सांगतो, "आमच्याकडं बी पिकतं." यात खोटं काही नाही. बद्रीनारायण बारवाल्यांनी दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा सावनी’ भेंडी लावून बियाण्याच्या धंद्याची बोहनी केली, 1964 मध्ये महिको काढली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग इतक्या कंपन्या उभ्या राहिल्या, की मृगाच्या तोंडावर गावात शिरलेल्या परक्या माणसाला इथं दुसरं काही विकतच नाहीत असं वाटावं. बियाण्याचं पाकीट मागा, चकचकीत चित्राचं मिळेल. आत औषध चोळलेलं लाल-निळं बी, मागं उगवणशक्तीचा टक्का आणि वापरायची मुदत.

आणि तरी आमच्या गल्लीतल्या गच्च्या हिंडून पाहा. विकतच्या बियाचं झाड शोधावं लागतं. बाकी सगळा माल मागून आणलेला, कोणीतरी गळ्यात मारलेला, भिंतीवरून हात घालून मोडलेला, नाहीतर तुळशीच्या कुंडीत आपण होऊन उगवलेला.

आमच्यात एक काका आहेत. जन्मभर बियाणं कंपनीत नोकरी केली, नर-मादीच्या ओळी लावलेल्या प्लॉटवर उन्हात उभे राहिले. स्वतःच्या गच्चीवर मात्र बायकोच्या माहेरचा वाल लावतात. संकरित बियाचं कसं असतं ते त्यांनीच आम्हाला समजावलं. त्या झाडाचं बी धरून पुढच्या साली लावलं, तर आईबापांचे गुण फुटून वेगळे होतात. एक वेल माडीवर जाते, दुसरी कुंडीतच बसून राहते, शेंगा कुणाच्या रुंद तर कुणाच्या दोऱ्यासारख्या. म्हणून दरसाल नवं पाकीट. "मग तुम्ही का नाही आणत?" असं विचारल्यावर काका दुखावले. म्हणाले, "दरसाल पाकीट आणायला मी काय शेतकरी आहे का?"

माहेरच्या वालाला पाकीट नाही. शेवटच्या तोड्याच्या चार-सहा शेंगा वेलीवरच वाळू द्यायच्या, सोलायच्या, राखेत घोळून जुन्या पंचांगाच्या पानात बांधायच्या. पंचांगाचंच पान का, तर त्यावर साल छापलेलं असतं, बी कधीचं ते कळतं. मृगाचा पहिला शिडकावा झाला, की या पुड्या घरोघर निघतात. पुडीवर कोणी वालाचं नाव लिहीत नाही. लिहितात ते माणसाचं.

आमच्याकडं झाडांची ओळखच तशी आहे. वनस्पतिशास्त्रात काय नावं असतील ती असोत, गल्लीत ‘गुरुजींचा मोगरा’, ‘आपांचा कढीपत्ता’ आणि ‘बँकवाल्यांची जास्वंद’ एवढं पुरतं. बँकवाले बदली होऊन नांदेडला गेले, त्यांची जास्वंद इथं सतरा ठिकाणी आहे. त्यांचं आडनाव काय होतं यावर मतभेद आहेत. माणसांनाही झाडांवरून नावं पडतात. एका काकूंनी एका हिवाळ्यात शेपू इतका लावला आणि इतका वाटला, की त्या कायमच्या ‘शेपूवाल्या’ झाल्या. पुढं त्यांनी ब्रह्मकमळ आणलं, रात्री साडेदहाला फोन करकरून सगळ्यांना गच्चीवर बोलावलं, फुलं उमलताना दाखवली, वर मसाला दूध पाजलं. काका दुधाचा पेला घेत म्हणाले, "हे हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे बरं का, हे मेक्सिकोकडचं निवडुंग आहे." काकू म्हणाल्या, "असू द्या, दूध परभणीच्या म्हशीचं आहे." सगळे पोटभर हसले, एकेक पान मागून घरी गेले. या झाडाचं पान खोचलं की लागतं. पण काकू आजही शेपूवाल्याच.

जालन्याचं दुसरं पीक म्हणजे सळई. इथल्या भट्ट्यांतून निघालेली सळई कुठल्या कुठल्या इमारतींत जाऊन बसते, आणि तिचे उरलेले तुकडे आमच्या गच्च्यांवर येतात. दुसरीकडं वेलीला बांबू नाहीतर तुऱ्हाट्या लावतात, आमच्याकडं मांडव लोखंडी. घर बांधताना वाढवायच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया वर सोडलेल्या असतात. मजला पोरांच्या नोकरीवर अवलंबून, नोकरी पुण्यात, तोवर त्या सळयांवर दोडका. दिसायला मांडव भक्कम, पण चैत्र लागला की त्याचा गुण कळतो. दुपारी सळई अशी तापते, की दोडक्याचा कोवळा ताणा तिला वेढा घालायला जातो आणि संध्याकाळपर्यंत करपून काळा होतो. बिचारी वेल दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढं करते. यावर तोड शेपूवाल्या काकूंनी काढली. जुन्या सुती साडीच्या दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या आणि सळईला खालून वर बांगडीसारख्या गुंडाळायच्या. त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या गच्च्यांवर लुगडी नेसलेल्या सळया उभ्या होत्या. कोणती सळई कुणाच्या साडीत आहे हे बायकांना लांबून ओळखू यायचं, आणि "ती दिवाळीची होती ना, चांगली होती की अजून!" असे उद्गारही ऐकू यायचे.

मातीची कथा वेगळी. कापसाची काळी माती शेतात राणी, कुंडीत वैरीण. पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते, उन्हाळ्यात आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट खाली आणि तिथून खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळवणावर. भांडणं त्यावरून होतात. घाणेवाडीच्या तलावातला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरनं शेतात नेला, तेव्हा आमच्या गुरुजींनीही कुठूनसा दोन पोती मिळवला. निजामाच्या काळापासून साठलेला ऐवज म्हणून चमचा-चमचा वाटला. त्यात वाळू आणि शेणखत न मिसळता ज्यांनी तो तसाच भरला, त्यांच्या कुंड्यांची पुढं वीट झाली. गुरुजी म्हणतात, गाळ चांगलाच होता, विद्यार्थी कच्चे निघाले.

मातीचं शास्त्र शिकवायला आमच्याआधी मोठी माणसं होऊन गेली. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाचं जाळं विणलं. पालापाचोळा, उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातलं उष्टंखरकटं यांतूनच माती घडवायची, आणि ज्यानं जे करून पाहिलं ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं, एवढीच त्या परिवाराची सभासद-वर्गणी. द्राक्षवाल्या शेतकऱ्यांपासून गच्चीवाल्यांपर्यंत पुष्कळांनी ते उचललं. आमच्याच जिल्ह्यात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी आणि शास्त्रज्ञ महिन्याच्या महिन्याला समोरासमोर बसतात, ते विजयअण्णा बोराड्यांनी घालून दिलेलं वळण. आमची चर्चासत्रं त्या मानानं फार खालच्या दर्जाची. विषय ठरलेला: पिठ्या ढेकूण. उपाय: जितकी तोंडं तितके. आंबट ताक, हिंगाचं पाणी, निंबोळीचा अर्क, तंबाखू, भांड्यांचा साबण. एका बहाद्दरानं हे सगळं एकत्र करून फवारलं. ढेकूण गेले, जास्वंदही गेली. ती बँकवाल्यांची होती, म्हणून काही बिघडलं नाही, दुसऱ्या दिवशी शेजारून फांदी आली.

आमच्या सगळ्या व्यवहाराचं मर्म याच फांदीत आहे. 2012 चा पाऊस दगा देऊन गेला आणि पुढचा उन्हाळा आला, तो जालन्यात कोणी विसरणार नाही. घाणेवाडी आटली. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लेकरासारखी वाढवलेली झाडं शेतकऱ्यांनी आपल्या हातानं तोडून सरपणाला घातली. त्यापुढं आमच्या कुंड्यांचं दुःख ते काय! टँकरच्या पाण्यात माणसांच्या आंघोळीचे वांधे, तिथं मोगऱ्याला पाणी घालतो म्हणायचीही लाज वाटे. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, फरशी पुसलेलं असं तिसऱ्या हातचं पाणी झाडांच्या वाट्याला जाई, आणि तेही कुणाचं झाड जगवायचं ते ठरवून. गुरुजींचा मोगरा त्यात गेला. मूळ झाड, त्यांच्या आईनं अंबडहून आणलेलं. गुरुजी त्यावर काही बोलले नाहीत, आणि गुरुजी बोलले नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर.

पावसाळा आला तेव्हा कुंडलिकेपलीकडून, नव्या जालन्यातून, आपा रिक्षानं आल्या. मांडीवर तेलाचा पत्र्याचा डबा, डब्यात हातभर मोगरा. फार पूर्वी गुरुजींनी त्यांना एक काडी दिली होती. आपांच्या घरी हातपंप, तो आटला नव्हता. "गुरुजी, ये आपकाच है," एवढं म्हणून त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. तो खरोखर त्यांचाच होता, अगदी शब्दशः. बियापासून आलेलं रोप म्हणजे लेकरू. ते कधी आजोळवर जाईल, कधी कुणावरच जाणार नाही. पण काडीपासून लावलेलं झाड म्हणजे मूळचंच झाड, फक्त दुसऱ्या जागी उभं. अंबडचा मोगरा गुरुजींच्या ओट्यावर वाळला आणि नदीपलीकडं जिवंत होता. गुरुजींनी तो दिला नसता, तर तो गेलाच होता. तेव्हापासून आमच्यातले चिक्कूतले चिक्कू लोकही नवं झाड आणलं की आधी दोन काड्या दुसऱ्याकडं पोचत्या करतात. उदारपणा म्हणा, विमा म्हणा. काका म्हणतात, विमाच.

झाडांपायी घराच्या किल्ल्याही फिरतात. मे महिन्यात लोक लग्नाकार्याला गावी जातात, तेव्हा ‘झाडांना तेवढं पाणी’ म्हणून किल्ली शेजारी. नळाला कधी कधी आठ-आठ दिवस पाणी नसतं, अशा गावात दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालणं ही साधी गोष्ट नाही. किल्लीबरोबर सूचनांचा कागद येतो: मोगऱ्याला रोज, कोरफडीला आठवड्यातून एकदा, निवडुंगाकडं बघायचंसुद्धा नाही. घेणाऱ्याला मात्र जबाबदारीनं झोप लागत नाही. आपली झाडं सुकली तरी चालतील, परक्याचं पान पिवळं पडता कामा नये. परिणाम असा, की दरवर्षी एक-दोन कोरफडी अतिप्रेमानं कुजतात. परत आलेला मालक कुजलेली कोरफड बघतो, "काही नाही हो, तिचं होतंच तसं," म्हणतो, आणि गावाकडच्या चार गूळपोळ्या हातात ठेवतो. पुढच्या वर्षी किल्ली दुसऱ्याकडं जाते.

कुंडीत न लावता उगवणाऱ्या भाज्यांवर मालकी कुणाची, हा आमच्याकडचा न सुटलेला प्रश्न. चिवळ, घोळ, पाथरी, तांदुळजा. कुंडी एकीची, माती दुसरीकडून आलेली, बी वाऱ्यानं आणलेलं. आपांच्या मते जिला आधी दिसली तिची. शेपूवाल्या काकूंच्या मते जिच्या घरी बेसन आहे तिची, कारण नुसती चिवळ काय खाणार! या न्यायानं भाजी नेहमी काकूंकडं जाते आणि भाकरीबरोबर सगळ्यांकडं परत येते, त्यामुळं वरच्या कोर्टात कोणी जात नाही.

सध्या गाजतंय ते काकांचं कागदी लिंबू. मोठ्या ड्रमात लावलेलं, चार वर्षं नुसती पानं. घनसावंगीकडचे त्यांचे मोसंबीवाले मेहुणे पाहून म्हणाले, "दाजी, याला ताण द्या." बागाईतदार बहार धरायचा म्हणजे आधी झाडाचं पाणी तोडतात, झाड मलूल होऊन पानं गाळू लागलं की खत देऊन भरपूर पाणी सोडतात, मग ते फुलावर येतं. काका म्हणाले, "ताण मी कशाला देऊ? नळ देतोच आहे." तरी त्यांनी मे महिना पाणी तोडलं. त्याच महिन्यात आपा मटण धुतलेलं पाणी गुपचूप घालत होत्या. काका घरी नाहीत असं पाहून शेपूवाल्या काकूंनी झाडापुढं उभं राहून, यंदा फळ दिलं नाहीस तर तोडीन, असा दम भरला. असा दम कुऱ्हाड दाखवून भरायचा असतो. कुऱ्हाड नव्हती, त्यांनी विळी दाखवली. गुरुजींनी गाळाची शेवटची ओंजळ बुंध्याशी घातली. खुद्द काकांनी कुठलंसं सूक्ष्म अन्नद्रव्य फवारलं आणि कुणाला सांगितलं नाही.

मृगात फुलं आली. दिवाळीच्या सुमारास लिंबं धरली, तीन. आता ती कुणामुळं धरली यावर एकमत नाही, आणि त्यांचं काय करायचं यावर तर मुळीच नाही. लोणचं घालावं असा ठराव झाला, पण तीन लिंबांचं लोणचं सात घरांत वाटायचं कसं, हे गणित गुरुजींकडं सोपवलंय. ते चालू असतानाच परवा एक लिंबू दिसेनासं झालं. संशय काकांवरच आहे. ते म्हणतात, माझ्याच झाडाचं मी कसं चोरीन. आणि शेपूवाल्या काकू म्हणतात, विळी मी दाखवली होती, त्यामुळं झाड नेमकं कुणाचं ते आधी ठरवा.