नव्या इंजिनाची पथ्यं

नव्या ट्रकचं इंजिन रुळताना पथ्यं तीन: पूर्ण भार नको, एकाच वेगात दामटणं नको, उभ्या गाडीत ते तासन्‌तास धडधडत ठेवणं नको. पहिलं पथ्य मालक वाळूच्या पहिल्याच फेरीत मोडतो. उरलेली दोन बंगळुरूच्या जे. पी. नगरातला बन्नेरघट्टा रस्ता मोडतो, कारण शून्य हाही एकच वेग.

पश्चात्ताप मग तेलाच्या दुकानात होतो. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असताना मालक महागडं ५डब्ल्यू-३० उचलतो. उणे ३५ अंशांतही पंपाने खेचता येईल असं! बंगळुरूचा नीचांक ७.८ अंश, तोही १८८४ सालचा. उद्या हिमयुग अवतरलंच, तर आपला ट्रक पहिल्या चावीला सुरू होईल. पुढे सिग्नल असेलच.