पाऊण तास

रतनगडावरून निघून कात्राबाईच्या खिंडीतून त्याच दिवशी हरिश्चंद्रगड गाठायचा, असं ठरलं आणि आमच्या लीडरनं एक्सेलमध्ये वेळापत्रक मांडलं. त्यात 'सूर्योदय : ७.१०' अशीही एक ओळ होती. सूर्यानं ती पाळली. दिवसभरात वेळापत्रक पाळणारा तो एकटाच. पुढच्या ओळीत 'नाश्ता' होता, आणि रतनगडाच्या गुहेसमोरच्या माकडांना वेळापत्रक कुणी पाठवलेलं नव्हतं. त्यांनी ब्रेड नेला, शेंगदाण्याची चटणी डब्यासकट नेली. आमच्या बरोबरच्या डॉक्टरांचा प्रोटीन बार मात्र एका माकडानं सोलला, हुंगला आणि परत टाकला. डॉक्टरांनी तो झटकून खिशात ठेवला. "अजून एक्सपायर झालेला नाही," ते म्हणाले.

रतनगडाच्या माथ्यावर नेढं आहे, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वारा एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघतो. इकडे कळसूबाई, खाली १९२६ साली बांधून पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी, शेजारी रतनगडाचा खुटा. हे सगळं फार सुंदर आहे आणि ते पाठीवर सॅक नसताना बघावं.

सॅक पाठीवर आल्यावर शिड्या उतरायच्या होत्या. लोखंडी शिडीची रुंदी ठरवणाऱ्यानं माणसाचा विचार केला होता, सॅकला बाहेरून बांधलेल्या कॅरीमॅटचा नाही. आमच्यातल्या बँकवाल्यांची मॅट दोन्ही कठड्यांच्या मध्ये आडवी अडकली आणि ते ना वर ना खाली असे लोंबकळत राहिले. रविवार होता. खालून रतनवाडीकडून आलेली कॉलेजची पोरं रांगेत उभी. सल्ल्यांचा पाऊस पडला. "काका, डावा पाय!" "काका, उजवा!" शेवटी एक मुलगी ओरडली, "काका, आधी पोट आत घ्या!" काकांनी घेतलं आणि सुटले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅटचा यात काय संबंध, ते काकांना अजून कळलेलं नाही.

शिड्यांच्या खाली रानात फाटा आहे. एक वाट रतनवाडीला उतरते, दुसरी कात्राबाईकडे जाते. तिथे आमचे वाटाडे मामा थांबले होते, कुमशेतचे. वय साठीच्या पुढचं. पायात प्लॅस्टिकची चप्पल, कमरेला कोयता, हातात पिशवी. पिशवीत फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. त्यांचं सामान संपलं. आमच्यातल्या इंजिनियरनं घरून निघतानाच स्वतःची सॅक वजनकाट्याला लटकवून पाहिली होती : ११.४ किलो. हा आकडा तो विचारल्याशिवायही सांगायचा.

"मामा, खिंड किती लांब?"

मामांनी डोंगराकडे पाहिलं. "आता काय, पाऊण तास."

कात्राबाईची चढण कारवीच्या रानातून जाते. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि उरलेली सहा वर्षं सॅकच्या पट्ट्यात काटक्या अडकवते. पायाखाली घसारा, म्हणजे दोन पावलं वर आणि एक खाली. मध्येच ढोरवाटा फुटतात. त्या आपल्या वाटेपेक्षा रुंद असतात, मळलेल्या असतात आणि कारवीच्या जाळीत नेऊन सोडतात. लीडर जीपीएस बघून दोनदा तिकडे वळला. मामा काही बोलले नाहीत, फक्त बसले. ते बसले की वाट चुकली, हे आमच्या लक्षात यायला लागलं.

खिंडीत पोचलो तेव्हा सव्वादोन तास झाले होते. इंजिनियरनं मोबाइलमध्ये नोंद केली. मामांचा वेळ गुणिले तीन.

खिंडीतून मागे रतनगड आणि पुढे, पार पलीकडे, हरिश्चंद्रगड. तो इतका लांब दिसला की बँकवाले म्हणाले, "हा घरून जवळ पडतो." अलीकडचं पाणी प्रवरेला जातं, पलीकडचं मुळेला. आणि गंमत म्हणजे खाली सपाटीवर गेल्यावर मुळा पुन्हा प्रवरेलाच मिळते. नद्यांनी जो प्रश्न खाली, आरामात मिटवला, तो आम्ही वर येऊन गुडघ्यांनी सोडवत होतो.

मामांनी कात्राबाईला हात जोडले आणि भाकरी सोडली. नागलीची भाकरी आणि ठेचा. आमच्याकडे रेडी-टू-ईटची पाकिटं होती, ती खाण्यासाठी रेडी व्हायला उकळतं पाणी लागत होतं. मामांनी न विचारता भाकरीचे तुकडे केले. डॉक्टर ओशाळले. त्यांनी प्रोटीन बार पुढे केला. मामांनी तो हुंगला, "नातवाला देतो," म्हणाले आणि खिशात टाकला. नातवाचं पुढे काय झालं, ते समजलं नाही.

"आता कुमशेत किती?"

"उतारच हाय. पाऊण तास."

अडीच तास लागले. उतारावर सॅक माणसाच्या पुढे जायला बघते आणि सगळा भार बुटाच्या टोकात गोळा होतो. इंजिनियरनं गुणक साडेतीनवर नेला आणि समाधानानं म्हणाला, "आता ठोकताळा बसला. सह्याद्रीत कुठेही वापरा."

कुमशेतला मामा घरी गेले. अंगणातल्या एका आजीला पाचनई किती लांब, ते विचारलं. "आमाला व्हय?" असं म्हणून तिनं आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग बुटांकडे, मग लंगडणाऱ्या बँकवाल्यांकडे. "जाताल की दिस बुडायच्या आत." गुणायला तिनं काही ठेवलंच नाही.

मुळेचं पात्र ओलांडून, मग डांबरी सडकेवर पाय आपटत, पाच वाजता पाचनईला पोचलो. डांबर हा शहरी माणसाचा विसावा असतो, हे खोटं आहे. टपरीवर चहा घेता घेता लीडरनं विचारलं, "गडावर किती वेळ?"

टपरीवाला पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "अडीच तास."

शांतता पसरली. इंजिनियरनं हिशेब केला. अडीच गुणिले साडेतीन. "पावणेनऊ तास. म्हणजे रात्रीचे पावणेदोन." डॉक्टरांनी इथेच कुणाच्या ओसरीवर जागा मिळेल का, याची चौकशी सुरू केली. बँकवाल्यांनी बूट काढले. लीडर वेळापत्रकात पावणेदोनची ओळ घालू लागला.

आमची ही धांदल बघून पोराला कळेना. "काय झालं?" इंजिनियरनं गुणक समजावून सांगितला. पोरगा हसला. "सर, इथं दर शनिवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात. त्यांचाच टाइम सांगितला. मला पाऊण तास लागतो."

निघालो. कातळाच्या कडेकडेनं वाट, मग ओढा, मग टॉर्च. साडेसात वाजता हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाचं शिखर दिसलं. बरोब्बर अडीच तास. सगळे खूश, इंजिनियर एकटा खट्टू. त्याला किमान नऊ वाजायला हवे होते.

डॉक्टरांना लगेच केदारेश्वराची गुहा बघायची होती. तिथल्या भल्यामोठ्या पिंडीभोवती कंबरभर पाणी असतं आणि जानेवारीत ते हाडं गोठवतं. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. सकाळपर्यंत तो कुठे जात नाही, असं बहुमतानं ठरलं आणि आम्ही एका झोपडीसमोरच्या सतरंजीवर कोसळलो.

"ताई, पिठलं-भाकरीला किती वेळ?" इंजिनियरनं मोबाइल उघडून विचारलं.

चुलीमागून आवाज आला, "बसा, आणतेच."

तो बराच वेळ मोबाइलच्या पडद्याकडे बघत राहिला. "यात मिनिटं कुठंयत?"