एक तोळ्याचा राजा

गणिताचा मास्तर निवृत्त झाला की गावात त्याला विचारणारं कोणी उरत नाही. मी मात्र लाखनीत नाणेतज्ज्ञ झालो. भांडवल एवढंच : जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक आणि डोळ्यांवरचा चष्मा.

निमित्त मिसिसॉगाच्या पुतण्याचं. येताना त्यानं पाच जुनी कॅनेडियन नाणी आणली, पन्नास सेंटची, सहाव्या जॉर्जच्या मुंडक्याची. म्हटलं, परदेशी माल, इथं कुत्रं विचारणार नाही. आणि साकोलीच्या साळ्याकडं, सासूबाईंच्या बटव्यात, त्याच राजाचे रुपये होते! आपला कलदार तो कलदार.

साळ्याला बोलावून घेतलं. आधी चुंबक फिरवलं. 1947चा वाघछाप रुपया टपकन चिकटला. "हे निकेल," मी हिणवून बाजूला सारलं. 1944चे पाच मात्र चिकटेनात. "चिकटत नाही म्हणजे चांदी!" साळा थक्क. मग काट्यावर एकीकडं कॅनडा, दुसरीकडं हिंदुस्थान. काटा मध्यावर. दोन्हीकडं 11.66 ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा.

"बघ, राजा तोच, वजन तेच. तुला फॉरेनचं देतो, मी आपलं देशी ठेवतो."

"भाऊजी, तुमचं नुकसान नको जी व्हायले."

"घरातल्या घरात कसलं नुकसान रे," मी उदारपणे म्हणालो. बायको चहा ठेवता ठेवता माझ्याकडं बघत होती. त्या नजरेचा अर्थ मला सहसा उशिरा कळतो.

दुसऱ्या दिवशी मोडीचा भाव काढायला सराफाकडं गेलो. त्यानं कसोटी काढली नाही, तेजाब काढलं नाही. रुपया उभा धरून कडेवर नख फिरवलं.

"गुरुजी, ही मधातली खाच दिसते का? लढाईतला रुपया हाय. अर्धी चांदी."

"पण चुंबकाला चिकटत नाही!"

"तांबं तरी कुठं चिकटते जी?"

1940 पर्यंत रुपयात बाराला अकरा भाग चांदी असायची. महायुद्धात चांदीची ओढ लागली, तेव्हा सरकारनं ती निम्म्यावर आणली. उरलेल्यात मुख्यतः तांबं, वर थोडं निकेल आणि जस्त. खोट्या नाण्यांना आळा बसावा म्हणून कडेला ती खाच. "पंचम जॉर्जचा आणा, बिनतपासता घेतो," सराफ म्हणाला. मी हळूच विचारलं, कॅनडाचं कसं? त्यानं मोबाइल चाळला. 1920 ते 1967 : शेकडा ऐंशी.

त्याच राजानं त्याच युद्धात तिकडं ऐंशी टक्के ठेवले आणि आम्हाला पन्नासावर आणलं! साम्राज्याचा हा अन्याय मला सराफाच्या ओट्यावर उभ्या उभ्या उमगला. एका नाण्यात 9.33 ग्रॅम, दुसऱ्यात 5.83. फरक साडेतीन ग्रॅम, पाचांचा साडेसतरा. शेकडेवारी हा माझा हातखंडा विषय. मुलांना ती न समजल्याबद्दल मी छड्या मारल्या आहेत.

संध्याकाळी साळ्याचा फोन आला. "भाऊजी, पोरीनं मोबाइलवर पाहिलं. आईच्या बटव्यात अजून अकरा निंगाले, सारे खाचवालेच. पुतण्याले सांगता का आणखी आणाले?"

महामार्गावरच्या ट्रकांमुळं काही ऐकू येत नाही, असं ओरडून सांगितलं आणि फोन ठेवला.