देवाकडची चिल्लर

मरणाच्या दारातून परत आलेला एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असणारच. कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, कुणी घाटात गाडीसकट उलटलेला असतो, कुणाचा कोविडात ऑक्सिजन उतरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत हा बरोब्बर तुमच्या शेजारी येऊन बसतो. तुम्ही जिलबीला नको म्हणालात की म्हणतो, "घ्या हो, आयुष्य एकदाच असतं." हे सांगताना स्वतः मात्र दुसऱ्यांदा जगत असल्याचा थाट असतो. आमच्या जोयडा तालुक्यातला हा माणूस निवृत्त कंडक्टर आहे आणि त्याला त्या दारातून परत पाठवलं ते अस्वलानं.

पण अस्वलाच्या आधीचे कंडक्टर माहीत असल्याशिवाय अस्वलानंतरचे कळायचे नाहीत. दांडेली, जोयडा, उळवी, कुंभारवाडा या रस्त्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. बस वळणावळणानं जंगलातून चाललेली, टपावर पोती, आत माणसं, कोंबड्या आणि फणस, आणि या सगळ्यातून वाट काढत येणारा तो आवाज: "सुटे द्या, सुटे." सुटे नसतील तर तिकिटाच्या पाठीवर ते उरलेले पैसे लिहून देत. कर्नाटकातल्या बसमधून फिरलेल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही. मात्र आमच्या कंडक्टरांनी त्याचं शास्त्र केलं होतं. कानावरचं पेन काढायचं, बस नेमकी वळणावर असताना आकडा लिहायचा, म्हणजे सातचा एक दिसतो. नाही म्हणायच्याही तीन तऱ्हा होत्या. कन्नडात "चिल्लरे इल्ला", मराठीत "उतरताना घ्या" आणि कोंकणीत नुसती मान. उतरताना मागितली तर पै न पै देत, हे मला कबूल करायलाच हवं. पण मागायचं कसं? तुमच्या एका हातात पोतं, दुसऱ्या हातात पोर, पाय अजून पायरीवर, तोवर यांची शिट्टी वाजलेली आणि "रैट रैट" झालेलं. विसरलेल्या चिल्लरचं पुढे काय होतं, या विषयावर तालुक्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एक तरी तज्ज्ञ होता.

तर असे हे कंडक्टर निवृत्त झाले आणि काजूच्या बागेत रमले. एप्रिलचे दिवस. पहाटे गळालेल्या काजूबिया वेचायला गेले. आता काजूची बोंडं अस्वलाला फार आवडतात, हे आमच्याकडे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. यांनाही होतं. पण बाग आपली आहे म्हटल्यावर अस्वल विचारून येईल, असा काहीसा त्यांचा समज असावा. अस्वलाला धड दिसत नाही, ऐकूही बेताचंच येतं. त्याचा सगळा कारभार नाकावर, आणि ते नाक त्या वेळी पिकल्या बोंडांत बुडालेलं. यांचंही लक्ष खाली. दोघं वेचत वेचत एकाच झाडाशी आले.

पुढचं कंडक्टरांच्या तोंडून ऐकायचं तर उळवीची जत्रा सुरू होऊन संपेल. अस्वल उभं राहिलं. पुरुषभर उंच. छातीवर पांढरा चांद. दोघांची नजरानजर झाली. "त्या एका क्षणात," कंडक्टर म्हणतात, "मला सगळं दिसलं." सगळं म्हणजे काय, हे विचारायची सोय नाही. एका शाळामास्तरांनी एकदा विचारलं होतं. ते दीड तासानं सुटले. कंडक्टरांचा भाचा त्या दिवशी वीसेक हातांवर होता. तो तेवढ्याच तपशिलात सांगतो, "मामांनी बोंब मारली. अस्वल खाली पळालं, मामा वर पळाले. टोपली कुणी तुडवली ते काही कळलं नाही."

ओरखडासुद्धा नाही. ज्यांना अस्वलानं खरोखर धरलंय अशी माणसं आमच्या भागात आहेत. अस्वल चेहऱ्याला आणि डोक्याला धरतं. ती माणसं त्यावर फारसं बोलत नाहीत. आमचे कंडक्टर मात्र सुखरूप परतले आणि दुपारपर्यंत तत्त्वज्ञ झाले. बाजारात उभे राहून त्यांनी जाहीर केलं, "माझं तिकीट त्या दिवशी संपलं होतं. आता जे चाललंय ती चिल्लर आहे. देवानं मागे लिहून दिलेली."

ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्याखेरीज दुसरं बोलणंच सुटलं. चहा घेता का? "घेतो की, चिल्लरच आहे." पाऊस फार झाला यंदा. "होऊ दे, आपली चिल्लर चाललीय." साखर वाढलीय म्हणून डॉक्टरांनी गोड बंद केलं, तर डॉक्टरांनाच समजावलं की चिल्लरला पथ्य नसतं. सोसायटीचा हप्ता थकला तेव्हाही हेच सांगायला गेले. तिथल्या कारकुनानं शांतपणे विचारलं, "मामा, चिल्लर असू दे, पण हप्ता नोटांत आहे ना?" वनरक्षकाला भेटून नुकसानभरपाईचीही चौकशी झाली. त्यानं जखम दाखवा म्हटलं. "जखम आत आहे," असं म्हणून यांनी छातीवर हात ठेवला. तो बिचारा नोकरीला नवा, त्यानं शर्टाची बटणं काढायला सांगितली.

या सगळ्याला बाहेरून उत्तेजन मिळालं नसतं तर प्रकरण मिटलं असतं. पण दांडेली-अणशीचा व्याघ्र प्रकल्प 2007 साली झाला, 2015 पासून त्याला काळी नदीचं नाव मिळालं, आणि गणेशगुडीला रबरी नावांतून उड्या मारायला शहरातली मंडळी लोटू लागली. भाच्यानं घरामागे होमस्टे काढला. पाहुण्यांना दाखवायचं असतं ब्लॅक पँथर. तो काही भाच्याच्या ऐकण्यातला नाही. मग रात्री शेकोटी पेटवून मामांना बसवतात. पुण्या-बेंगळुरूची पोरं गुडघे पोटाशी घेऊन ऐकतात. त्यातल्या एकीनं हे ऐकून नोकरी सोडायचं ठरवलं म्हणे, आणि जाताना यांच्या पाया पडली. तिच्याकडून हे एक नवीन शब्द शिकले: पर्स्पेक्टिव्ह. आता आमच्याकडे चिल्लर आणि पर्स्पेक्टिव्ह दोन्ही ऐकावं लागतं.

आणि माणूस बदलला का? वहिनींना विचारा. "आधी पेन हरवलं की ओरडायचे," त्या सांगतात, "आता चिल्लर आहे म्हणतात, आणि मग ओरडतात." माझं निरीक्षण असं की भीतीनं माणूस बदलत नाही, त्याला परवाना मिळतो. जे मनात होतंच ते उघड करायला एक सबळ कारण सापडतं. कंडक्टरांच्या मनात बेसनाचे लाडू होते आणि ऐकून घेणारी माणसं होती.

एवढ्यावर मी हे व्यक्तिचित्र आनंदानं संपवलं असतं. पण गेल्या एप्रिलमध्ये फोन आला: "दुसऱ्या जन्माचा पहिला वाढदिवस आहे. सुप्याची सगळी वर्गमंडळी येतायत. चुकायचं नाही." मी बेळगावात असतो. न जाण्याची चार कारणं तयार ठेवली होती. त्यांनी चारही चिल्लरमध्ये काढली.

सुपा म्हटलं की पुण्याकडच्यांना पारनेरचं नाहीतर बारामतीचं सुपं आठवतं. आमचं सुपा काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर होतं. तालुक्याचं गाव होतं. धरण झालं, 101 मीटर उंचीचं, 1987 साली पुरं झालं. गाव पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या, तालुक्याला जोयड्याचं नाव लागलं. माणसांची सोय रामनगरला केली, आणि ज्यांना जमलं ते दांडेली, बेळगाव, मडगाव अशा वाटांनी गेले. तिथून तयार झालेल्या विजेवर कुणाचे कारखाने चालले, कुणाच्या घरात दिवे लागले. आमच्या वर्गाला मात्र स्नेहसंमेलन भरवायला शाळाच उरली नाही. भरवायचं तर बोटीतून. त्यामुळे कधी भरलंच नाही. लग्नात भेटायचो, मग मुलांच्या लग्नात, अलीकडे बाराव्या-तेराव्याला. धरणानं पांगवलेला वर्ग पहिल्यांदा आपखुशीनं एका अंगणात गोळा झाला तो अस्वलामुळे.

केक दांडेलीहून मागवला होता. त्यावर अस्वल काढायला सांगितलं होतं. बेकरीवाल्यानं जे काढलं होतं ते मांजर आहे की नागरी सहकारी बँकेचा चेअरमन, यावर मतभेद झाले. मधोमध एक आकड्याची मेणबत्ती. कंडक्टरांनी फुंकर मारली आणि ती विझली नाही, कारण वरचे मधले दोन दात नसल्यानं हवा भलतीकडेच गेली. आता अस्वलालाही वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातल्या वाळव्या ओढून घेतं. ही माहिती मी सगळ्यांना दिली. ती द्यायला नको होती असं वहिनींच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण पोस्टातून निवृत्त झालेला आमचा मित्र हसता हसता खुर्चीवरून घसरला.

जेवण उत्तम होतं. कुणबी शेजाऱ्यांनी जपून ठेवलेली कंदमुळं दिली होती. मुडलीचे जाड काप तव्यावर परतलेले, बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्याहून मऊ. गावठी कोंबडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. गोव्याच्या बाजूनं आलेली एक बाटलीही होती, तिची चौकशी कुणी केली नाही. आणि मग अस्वल आलं. म्हणजे गोष्टीत. झाडाशी पोहोचलं, उभं राहिलं, चांद दिसला. "तिकीट संपलं होतं," कंडक्टर म्हणाले, "आता चिल्लर..."

"चिल्लरचं तू बोलूच नकोस," मडगावला गॅरेज चालवणारा मित्र म्हणाला. त्याची एक पायरी चढलेली होती. "सुप्याहून आम्ही शेवटी निघालो तेव्हा बसवर तूच होतास. नवीन खाकी, खिशाला पेन. आमचं जातं, पाटा, तुळशीवृंदावन आणि आजी. लगेज लागलं असतं किती? तू तिकीट फाडलंस फक्त आजीचं."

"आमच्या दाराची चौकटसुद्धा," रामनगरचा म्हणाला.

"आमची म्हशीची दावण. म्हैस चालत आली."

मग एकेक निघत गेलं. तेव्हाचे ते सगळे फेरे, ते सगळं सामान, आणि कुठंच लगेज नाही. मध्येच चेकिंगवाले चढले तर काय करायचास, असं कुणीतरी विचारलं. कंडक्टर ताटाकडे बघत बसले. वहिनी आतून येऊन म्हणाल्या, "एकदा चढले होते. पगारातून गेले तेव्हा. लग्नाला नुकतं वर्ष झालं होतं आमच्या, मला अजून आठवतं." एवढं बोलून त्या भात वाढायला लागल्या.

सबंध तालुक्याला सुट्यांसाठी रडवणाऱ्या माणसाच्या चिल्लरीतली थोडी तरी कुठं गेली, त्याचा अंदाज आला. सगळी गेली असं मी म्हणणार नाही. तेवढी चिल्लर तीन गावं हलवायला पुरली असती.

कंडक्टरांना मात्र हे मुळीच रुचलं नाही. कान लाल झाले. "जुनं काय काढता, ते वे-बिल कधीच भरलं," असं पुटपुटत त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो परत ठेवला, पाणी प्याले. ज्या माणसाला बोलण्यापासून अस्वलही थांबवू शकलं नव्हतं, तो गप्प बसला. आणि आम्हांला ते सोसेना. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी पोस्टातल्यानं, सकाळपासून ज्यानं त्या गोष्टीला सर्वांत जास्त शिव्या घातल्या होत्या त्यानं, घसा साफ केला.

"ते असू दे रे. अस्वल उभं राहिलं म्हणालास, ते नेमकं कुठल्या झाडाखाली?"

कंडक्टरांनी मान वर केली. "विहिरीकडच्या," ते म्हणाले. "असा मी वाकलेलो. आणि समोर हे! सात फूट!"

"दुपारी सहा होतं," गॅरेजवाला म्हणाला.

"वरचा फूट चिल्लर," पोस्टातला म्हणाला. "लिहून घे मागे."