चावीला काय कळतं?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता चंद्रपुरात उन्हात उभ्या गाडीच्या दाराला हात लावायचा तर चोरालाही हातमोजे लागतात; आणि ते बोटांचे ठसे लपवायला नव्हे. तरी आमच्याकडे गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये पहिला प्रश्न चोराचाच काढतो. सेल्समन मग चावी हातावर ठेवतो. चावी कसली, काळा गुळगुळीत खडाच तो. खिशातून काढायची नाही, भोकात घालायची नाही, फिरवायची नाही. जवळ गेलं की दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू. घरी आल्यावर नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं, पेढे वाटले जातात. गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक डॅशबोर्डच्या खणात जातं आणि गाडी विकेपर्यंत तिथून हलत नाही.

ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं तर सार एवढंच निघतं: या हुशार चावीला फक्त आपण गाडीजवळ आहोत की नाही, एवढंच कळतं. आपण कोणाच्या खिशात आहोत, गाडीत कोण अडकलंय, बाहेर ऊन किती आहे, यातलं तिला काही म्हणजे काही कळत नाही. ते कळून घ्यायची नोकरी अजून मालकाकडेच आहे. मालक मात्र चावी घेतली त्या दिवशीच राजीनामा देऊन मोकळा झालाय.

*

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम लागतो. मंडळ्यांची कार्यालयं वडशाला, आणि प्रयोग गावोगावी. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, किंवा मंडई, रात्री नाटक, ते थेट पहाटेपर्यंत. धान निघालेल्या बांधीत दुचाक्या, ट्रॅक्टर आणि आता नव्या कोऱ्या गाड्याही ओळीने लागतात. अशाच एका ओळीत एक भाऊ गाडी लॉक करतात. आरसे मिटतात, दिवे लुकलुकतात. दहा पावलं गेल्यावर भाऊंना शंका येते. परत येतात, दार ओढून पाहतात. दार उघडतं! पुन्हा लॉक, पुन्हा दहा पावलं, पुन्हा शंका, पुन्हा दार उघडं. तिकडे पडदा वर गेला, नांदी संपली, नायिकेचा बाप कर्जात बुडाला, तरी भाऊ बांधीतच. शेजारी खर्रा घोटत उभा असलेला मित्र शेवटी विचारतो, "लाक नाही होऊन रायली का गा?"

"होते ना! पण मी जवळ आलो का उघडते."

"मंग तू जवळ येऊच नको ना!"

खर्रा घोटणाऱ्याने कंपनीचं पुस्तक न वाचता उत्तर दिलं होतं. चावी भाऊंच्या खिशात, भाऊ दाराशी, म्हणजे गाडीच्या दृष्टीने मालक आला. ती बिचारी दार उघडते. तपासायचंच असेल तर चावी मित्राकडे द्यावी, त्याला पंधरा-वीस पावलं लांब उभं करावं आणि मग दार ओढावं. काही गाड्या लॉक झाल्यावर दोन-तीन सेकंद मुद्दाम उघडत नाहीत. तेवढ्यात ओढून पाहिलं तरी चालतं. भाऊंची शंका मात्र खोटी नव्हती. एखादं दार नीट लागलेलं नसतं, किंवा कोणीतरी जवळच रिमोटचा सिग्नल दाबून टाकणारं यंत्र घेऊन उभा असतो. बटण दाबल्याचं समाधान आपल्याला मिळतं, गाडीला काहीच मिळत नाही. म्हणून पाठ फिरवून चालता चालता खांद्यावरून बटण दाबायची जी हिरोगिरी आहे, ती पडद्यावरच्या हिरोला राहू द्यावी. आपण वळून उभं राहावं, दिवे लुकलुकले का ते पाहावं, आरसे मिटले का ते पाहावं आणि मग नाटकाला जावं.

*

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे दरवाजे. खिडक्यांपैकी एकीचं नाव चोर खिडकी. आमच्या पूर्वजांनी निदान ती लपवली नाही. आजच्या गाडीतही ती असते, फक्त माहितीपत्रकात तिचा फोटो नसतो.

ती अशी. गाडी हलक्या आवाजात सारखी विचारत असते, "चावी आहे का जवळ?" हा आवाज जेमतेम मीटर-दीड मीटर पोचतो. चोर दोघे असतात. एक यंत्र घेऊन गाडीशी उभा राहतो, दुसरा आपल्या घराच्या दाराशी. गाडीची हाक पहिला उचलतो, दुसरा ती भिंतीपलीकडे खुंटीला टांगलेल्या चावीपर्यंत पोचवतो. चावी आतून ओ देते. गाडी उघडते, सुरू होते, जाते. काच फुटत नाही, कुत्रं भुंकत नाही. ब्रिटनमध्ये या युक्तीने गाड्या नेल्या जातात. इलाज मात्र आपल्या स्वयंपाकघरात आहे: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. चावी त्यात ठेवावी, डबा घेऊन गाडीजवळ उभं राहावं आणि दार ओढावं. उघडलं नाही तर डबा पास. उघडलं तर त्यात पुन्हा शेवचिवडा भरावा आणि दुसरा डबा घ्यावा. दुसरी जोड चावीही डब्यातच. बटण दाबल्याशिवाय न उघडणारी साधी रिमोटची चावी असेल तर हा व्याप करायचं कारण नाही. काही गाड्यांत ही आपोआप उघडण्याची सोय बंदही करता येते. कशी, ते खणातल्या त्या पुस्तकात लिहिलंय.

दुसऱ्या चावीची तर वेगळीच कहाणी. काही लोक ती हरवू नये म्हणून गाडीच्याच खणात ठेवतात. म्हणजे चोराने पुस्तक काढायला खण उघडला की त्याला बक्षीस. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा काय द्यायचं? चावी ट्रकलाच ठेवून ड्रायव्हर खाली उतरला आणि ट्रक गेला, असं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं होतं. २०२३ मध्ये मालकाला भरपाई मिळाली, पण पंचाहत्तर टक्के. उरलेले पंचवीस टक्के हा निष्काळजीपणाचा हप्ता समजायचा.

*

आता गडचिरोलीकडे वळू. आष्टी, आलापल्ली करत भामरागडला निघालेल्या गाडीत समजा साळेबुवा चालवायला बसलेत आणि चावी मालकाच्या खिशात आहे. मालक आलापल्लीला कामासाठी उतरतात. इंजिन सुरूच. गाडी कळवळून पिं पिं करते, पडद्यावर चावी बाहेर गेल्याची पाटी येते. आत गाणी जोरात, पाटी वाचतो कोण? गाडी निघते. चालत्या गाडीचं इंजिन मध्येच बंद पाडणं धोक्याचं, म्हणून ती चावीवाचूनही इमानाने धावत राहते. जंगलात चहाला थांबून इंजिन बंद केलं की मग खरी गंमत. आता ती सुरू होत नाही. चावी आलापल्लीत, गाडी सागवनात, आणि मोबाइलवर नेटवर्कची एकही कांडी नाही.

"पण माझ्या गाडीला अॅप आहे, मुंबईहूनही उघडते!" असं सांगणारे पाहुणे आमच्याकडे उन्हाळ्यात येतात. मुंबईहून उघडत असेलही. भामरागडहून उघडायला गाडीतल्या सिमला नेटवर्क लागतं, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुक्याचा रस्ताही तुटतो, तिथं सिमची काय कथा. भरवसा ठेवायचाच तर त्या खड्याच्या पोटात दडलेल्या लोखंडी पात्यावर ठेवावा. हो, बहुतेक हुशार चाव्यांच्या पोटात एक जुनी अडाणी चावी असते. बारीक खटका ओढला की बाहेर येते. दाराच्या मुठीवर कुठेतरी टोपणाखाली तिचं भोकही असतं. चावीचा सेल संपला, सहसा सीआर २०३२ नावाची ती नाण्याएवढी चकती, तर या पात्याने दार उघडायचं आणि चावी सुरू करायच्या बटणाला टेकवून ते दाबायचं. सेल मेला तरी आतली चिप जिवंत असते. बहुतेक गाड्या तेवढ्यावर सुरू होतात. नेमकी जागा काही गाड्यांत वेगळी असते. ती घरी, उजेडात, पोटभर जेवण झाल्यावर शोधून ठेवावी. रात्री अकराला जंगलात, अस्वलाच्या वाटेवर शोधायची ती वस्तू नव्हे.

*

ताडोब्याच्या मोहर्ली फाटकावर पहाटे पाचला जा. गाड्या लावून लोक जिप्सीकडे धावत असतात आणि धावता धावता पिं पिं वाजवत असतात. कोणाचा तरी अंगठा लाल बटणावर पडतो आणि धोक्याचा भोंगा साऱ्या मोहर्लीला उठवतो. मालक खिसे चाचपतोय, बायको ओरडतेय, गाईड कपाळाला हात लावून उभा. सांबर अर्ध्या तासाने अलार्म कॉल देईल म्हणून लोक पैसे भरून आलेले. पहिला कॉल आपल्याच गाडीने दिला.

गंमत अशी की कुलूप, भोंगा, काळी काच हा सगळा बंदोबस्त फाटकाबाहेर राहतो. वाघाच्या सर्वांत जवळ जी गाडी जाते तिला टप नाही, काच नाही आणि लॉकही नाही. तिथं सुरक्षेचा एकच नियम चालतो: खाली उतरायचं नाही. तो पाळायला रिमोट लागत नाही.

*

आता हसणं पुरे.

नागपूर आमच्या उशाशी. जून २०२३. पाचपावली भागात एका शनिवारी दुपारी खेळायला गेलेली तीन लहान मुलं परत आली नाहीत. शोधाशोध झाली, पोलिसांत गेले. रविवारी संध्याकाळी ती सापडली, घरापासून जवळच उभ्या असलेल्या एका गाडीत. तिघंही गेलेली होती. कोणी त्यांना कोंडलं नव्हतं. उघड्या राहिलेल्या गाडीत पोरं खेळायला शिरली आणि त्यांना बाहेर पडता आलं नाही.

स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हात बंद उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं. त्यातली बहुतेक चढण पहिल्या अर्ध्या तासातली. काच बोटभर खाली ठेवली तरी फारसा फरक पडला नाही. आता चंद्रपूरचा मेमधला ४६ आकडा घ्या आणि बेरीज तुम्हीच करा. लहान मुलाचं अंग मोठ्यापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांत सेंट्रल लॉक हातानेही उघडता आलं पाहिजे, असा केंद्राचा नियम आहे. चांगला नियम. पण चार वर्षांचं पोर नियम वाचत नाही, आणि मागच्या दाराला चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर आतली मूठ कितीही ओढली तरी उघडत नाही.

म्हणून अंगणातली गाडीसुद्धा लॉक करायची, आणि भंगारात पडलेली तर आधी. चोरासाठी नव्हे, पोरांसाठी. रडणाऱ्या बाळाच्या हातात चावी खुळखुळ्यासारखी द्यायची नाही. पोर दिसेनासं झालं की विहीर आणि नाल्याबरोबरच गल्लीतल्या प्रत्येक गाडीत डोकावायचं, डिकी उघडायची. पोराला शिकवायचं की अडकलास तर पुढच्या सीटवर ये आणि हॉर्न दाबत राहा. बऱ्याच गाड्यांत तो चावीशिवाय वाजतो. एसी सुरू ठेवून, मूल आत ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणत किराणा दुकानात शिरायचं नाही. चावी आत, मूल आत आणि दार बंद, असं झालंच तर मेकॅनिकची वाट पाहायची नाही. मुलापासून लांबची बाजूची काच फोडायची. समोरची मोठी काच फोडत बसू नये, ती तडकते पण सुटत नाही. काचेचे पैसे विमा देतो की नाही, हे नंतर पाहू.

*

राहिली शेवटची सोय. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. दोन जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते आणि तिच्यावर पूल आहे. पुढचं सांगायला नको. रात्री परत निघालेल्या भाऊजींचे पाय लटपटतात, शब्द लटपटतात, पण खिशातली चावी अगदी शुद्धीत असते. ते गाडीजवळ आले की दार उघडतं, आरसे अदबीने पसरतात, दिवे लुकलुकून स्वागत करतात. पूर्वी निदान चावी भोकात घालता घालता अर्धा तास जायचा आणि तेवढ्यात कोणीतरी त्यांना रिक्षात घालायचा. कंपनीने तीही अडचण काढून टाकली. पुढे काळोखी जंगलाचा रस्ता, समोरून खनिजाचे ट्रक, आणि रिमोटला तोंडाचा वास येत नाही.

पिलेल्या माणसाच्या खिशातून चावी काढून घेणं हे फीचर कोणत्याही कंपनीने अजून दिलेलं नाही. ते वहिनींनाच करावं लागतं, तेही गाडीपासून चांगलं पन्नास पावलं लांब.